ठोकळेमामाची चिठ्ठी

विद्यापीठात मला सगळे ठोकळेमामा म्हणतात. ठिकठिकाणच्या बांधकामांवर ओतलेल्या काँक्रीटचे ठोकळे आमच्या प्रयोगशाळेत येतात, अठ्ठावीस दिवस पाण्यात मुरतात, आणि मग मी ते यंत्राखाली ठेवून फोडतो. किती दाबाला फुटला तो आकडा अहवालात जातो आणि त्या आकड्याच्या भरवशावर लोक मजले चढवतात. सव्वीस वर्षं मी हेच केलं. बायको म्हणायची, "ऑफिसात फोडता तेवढं पुरे, घरच्या कपबशांवर सराव नको."

दर बुधवारी चार वाजता ग्रंथालयाच्या तळमजल्यावर नीतिचर्चा भरायची. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या बाई ती चालवायच्या. दार सगळ्यांना उघडं होतं. विद्यार्थी यायचे, प्राध्यापक यायचे, समोरच्या रस्त्यावरचा चाव्या बनवणारा यायचा, शाळा सुटल्यावर मुलांना घेऊन आयाही यायच्या. दाराशी बिस्किटांचा एक जुना डबा ठेवलेला असे. कुणीही आपला पेच चिठ्ठीवर लिहून त्यात टाकायचा, नाव न घालता. बुधवारी बाई त्यातली एक चिठ्ठी वाचत आणि सगळी खोली त्यावर बोलत असे. चिठ्ठी कुणाची हे विचारायचं नाही, हा एकच कडक नियम. आणि उठण्याआधी बाई दर वेळी विचारायच्या, "या माणसासाठी आपल्यापैकी कुणी काही करू शकतं का?"

मला विचाराल तर हा सगळा रिकामटेकड्यांचा उद्योग होता. मी जायचो ते गुडघ्यांना विसावा आणि पाठीला टेका द्यायला. तिथल्या खुर्च्या चांगल्या होत्या आणि चहा फुकट होता.

आता माझी चूक सांगतो. आमचं यंत्र बरोबर आकडा दाखवतं की नाही हे दर महिन्याला तपासावं लागतं. त्यासाठी एक जाडजूड पोलादी कडं असतं. ते ठोकळ्याच्या जागी ठेवून दाबायचं आणि यंत्रावरचा आकडा कड्यावरच्या आकड्याशी जुळतो का पाहायचं. काम पाऊण तासाचं, पण ते कडं कपाटाच्या तळाशी, आणि वजन असं की उचलताना आजोबा आठवावेत. त्या वर्षी माझी पाठ धरली होती. सलग तीन महिने मी कडं न काढताच नोंदवहीत लिहिलं, "तपासले, जुळले." सव्वीस वर्षं जुळत होतं, आता काय बिघडणार आहे, असं वाटलं.

बिघडलं होतं. चौथ्या महिन्यात पाठ जरा बरी झाली म्हणून कडं काढलं, तर यंत्र असेल त्याहून जास्त ताकद दाखवत होतं. मी गुपचूप यंत्र दुरुस्त करून घेतलं आणि त्या तीन महिन्यांत गेलेले नऊ अहवाल काढून बसलो. आठ ठोकळे इतके मजबूत होते की थोडं कमी धरलं तरी चालून जात होतं. नववा मुळातच काठावर पास झाला होता. तो होता एका शाळेच्या नव्या जिन्याचा. जिना तीन आठवड्यांनी मुलांसाठी उघडणार होता.

मला निवृत्तीला पाच महिने उरले होते. इतकी वर्षं माझ्या सहीकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं. जेवताना, झोपताना, यंत्राशी उभं असताना तो जिना डोळ्यांपुढून हलेना. बायकोला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने त्याच पावली मला साहेबांकडे पाठवलं असतं, आणि मला तेच नको होतं.

मग मी चिठ्ठी लिहिली. लबाडीने लिहिली, हे कबूल करतो. "एका माणसाने काम न तपासता तपासले असे लिहिले. चूक त्याने नंतर स्वतः दुरुस्त केली. अजून कुणाला इजा झालेली नाही. त्याने ती सांगायलाच हवी का?" मला हवं ते उत्तर येईल अशा बेताने एकेक शब्द मोजून टाकला होता. जिन्याचं नाव नाही, शाळेचं नाही. चिठ्ठी डब्यात टाकली आणि घरी पोचल्यावर कपाळावर हात मारला. कागद वाया घालवायचा नाही ही आमच्या प्रयोगशाळेची सवय. चिठ्ठी मी जुन्या अहवालाच्या पाठकोऱ्या अर्ध्या कागदावर लिहिली होती. मागे आमच्या विभागाचं नाव ठळक छापलेलं होतं.

बुधवारी मी शेवटच्या रांगेत बसलो. बाईंनी डब्यातून घडी काढली. कागद मागून कोरा होता, रेघांच्या वहीतला. म्हणजे दुसरीच कुणाची चिठ्ठी, असं वाटून माझा जीव भांड्यात पडला. मग बाईंनी वाचायला सुरुवात केली, आणि ते माझेच शब्द होते. काय झालं ते कळेना, पण वाचलो एवढं कळलं.

चर्चा मला हवी तशी चालली होती. कायद्याचा एक विद्यार्थी म्हणाला, नुकसान झालंच नाही तर गुन्हा कसला. चाव्यावाला म्हणाला, "चूक सुधारली ना त्याने? मग झालं. माणसाला अब्रू असते." मी मनातल्या मनात त्याच्या पाठीवर थाप मारली.

तेवढ्यात चहावाल्या मावशी बोलल्या. त्या कपबशा गोळा करायला येत आणि कोपऱ्यात स्टुलावर बसून सगळं ऐकत. म्हणाल्या, "अजून कुणाला इजा झाली नाही, असं लिहिलंय. हा 'अजून' मला खटकतोय. पुढे होऊ शकते का, आणि कुणाला, हे त्याला ठाऊक नसेल का?"

"ठाऊक आहे," मी म्हणालो. "दोनशे मुलं आहेत. दोन आठवड्यांनी त्या जिन्यावर चढणार आहेत."

हे मी मोठ्याने बोललो हे मला खोली गप्प झाल्यावर कळलं. चिठ्ठीत ना मुलं होती, ना जिना. कुणी माझ्याकडे मान वळवली नाही. आजही ते आठवलं की मला त्या पन्नास मानांचे आभार मानावेसे वाटतात. बाई शांतपणे म्हणाल्या, "बरं, धरून चालू या की दोनशे मुलं आहेत. मग?"

"मग त्याला उत्तर माहीत आहे," मावशी म्हणाल्या. "त्याला विचारायचं नाहीये. त्याला एकट्याने जायला भीती वाटतेय."

चाव्यावाला म्हणाला, "मी माझा शब्द मागे घेतो." उठण्याआधी बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. मावशी कपबशा रचत म्हणाल्या, "मी जाईन की बरोबर." एवढंच. मी सगळ्यांच्या आधी सटकलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांच्या केबिनबाहेर उभा होतो. दहा मिनिटं झाली, दार काही ठोठावलं नाही. साहेब म्हणजे आमचे विभागप्रमुख. हुशार, पण तापट. मी परत फिरलो तोच मावशी ट्रे घेऊन आल्या. ट्रेमध्ये एकच कप होता, आणि तो ट्रे त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता.

"मामा, माझे हात गुंतलेत. जरा दार उघडा."

मी दार उघडलं. उघडल्यावर त्या आधी आत जातील म्हणून बाजूला झालो, तर त्या थांबून राहिल्या. मलाच आत जावं लागलं. त्यांनी कप टेबलावर ठेवला, साखर नीट ढवळली, मग परत ढवळली. साहेब वर पाहून म्हणाले, "काय हो?" मावशी ढवळतच राहिल्या. मी सांगायला सुरुवात केली आणि नवव्या अहवालापर्यंत पोचलो, तेव्हा त्या निघून गेल्या.

साहेबांनी आधी शाळेला फोन केला आणि मग सगळ्या विभागासमोर माझी चामडी सोलली. जिन्याला कुलूप लागलं. त्यातून नमुने कापून आणले, ते मीच फोडले. जिना खरोखरच कच्चा निघाला. तो पाडून नव्याने बांधला गेला. मला ताकीदपत्र मिळालं आणि उरलेले महिने माझी अहवालावरची सही बंद झाली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण साहेबांना सांगितलं त्याच दिवशी घरी जाऊन बायकोलाही सगळं सांगितलं. तिने ताट वाढलं. मग म्हणाली, "जेवा आता पोटभर. आठवडाभर ताटात नुसतं चिवडताय." काहीतरी बिघडलंय हे मी सांगण्याच्या कितीतरी आधी तिला कळलं होतं.

मी निवृत्त झाल्यावर बाईंनी मला बोलावलं. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन होतं. एक पाकीट पुढे करून म्हणाल्या, "तुमचं तुमच्याकडे." आत माझी चिठ्ठी होती, मागे विभागाच्या नावासकट.

"म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं," मी म्हणालो.

"लोक अक्षर ओळखतात, कागद ओळखतात. म्हणून डब्यातली प्रत्येक चिठ्ठी मी मंगळवारी माझ्या अक्षरात उतरवते आणि मूळ चिठ्ठी फाडते. तुमची तेवढी तुम्हाला द्यायला ठेवली. अकरा वर्षं झाली. आता महिनाभर मला लिहिता यायचं नाही. तुम्ही कराल?"

मी पाकीट खिशात घातलं. हो म्हणालो. ज्या उद्योगाला मी रिकामटेकडा म्हणत होतो, त्यात ही बाई अकरा वर्षं दर मंगळवारी कुणाकुणाची अब्रू आपल्या अक्षरात झाकून ठेवत होती. त्यात एक माझीही होती. हे ऋण फिटायचं नाही, आणि फेडावं असंही मला वाटत नाही.

पहिल्या मंगळवारी डब्यात चार चिठ्ठ्या निघाल्या. तीन भराभर उतरवल्या. चौथी उघडली. हिरवी शाई, उजवीकडे झुकलेलं अक्षर. सव्वीस वर्षं माझ्या प्रत्येक नोंदीखाली मी ते पाहिलं होतं.

"माझ्या हाताखालच्या माणसाने न तपासता नोंद केली. त्या नोंदीखाली तीन महिने मीही न पाहता सही केली. ताकीद फक्त त्याला मिळाली. तो माझ्याविषयी कुणापाशी एक शब्द बोलला नाही. आता इतक्या उशिरा मी बोलावं का?"

त्या सह्या मला पहिल्या दिवसापासून माहीत होत्या. साहेब सगळ्यांसमोर मला फाडून खात होते तेव्हा त्या माझ्या जिभेच्या टोकावर होत्या. बोललो नाही तो काही मोठेपणा नव्हता, घाबरलो होतो इतकंच. एरवी असं काही हाती लागलं असतं तर मी चार ठिकाणी चघळलं असतं. त्या क्षणी मात्र मला केबिनबाहेरची ती दहा मिनिटं आठवली, आणि साहेबांची दया आली.

मी वहीतला कोरा कागद घेतला. एकही शब्द न बदलता चिठ्ठी निळ्या शाईत, माझ्या अक्षरात उतरवली. हिरवी चिठ्ठी बारीक फाडली. बुधवारी जरा लवकर गेलो, आणि साहेब येऊन बसले तसा त्यांच्या शेजारची खुर्ची धरून बसलो.