वापरला तर धरायचा

जहाजाच्या भाडेकरारात सुट्ट्यांच्या कलमापुढे दोनच अक्षरं होती, ‘यू. यू.’, आणि नुआनची सुट्टी त्यांच्यावरच अडली होती. अर्थ सरळ होता: सुट्टीचा दिवस जहाज भरायच्या मुदतीत धरायचा नाही, पण कामाला वापरला तर धरायचा. म्हणजे साखरेचं एक पोतं जरी हललं, तरी एजंटाच्या कारकुनाने जहाजावर थांबून मिनिटामिनिटाची नोंद करायची. कारकून नुआनच होती. नाही हललं, तर दुपारच्या होडीने किनारा, तिथून बस, आणि तीन वर्षांनी सुरिनला आईची भेट.

सोंगक्रानचा, थाई नववर्षाचा पाणी उडवायचा सण होता. कोह सीचांग बेटासमोर नांगरलेल्या त्या जहाजावर चाळीस हमाल सकाळपासून एकमेकांवर बादल्या रिकाम्या करत होते. कामाची हौस दोघांनाच होती. कप्तानाला निघायची घाई होती, आणि मुकादम थविनकाकांना सणाच्या दिवशी नुसतं बसवतच नव्हतं.

“साखरेच्या कोठाराचं एकच झाकण उघडतो गं. तासाभराचं तर काम,” म्हणत काका क्रेनकडे निघालेसुद्धा.

नुआनने त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवलं, तळहात पुढे करायला लावले आणि हमालांना हाळी दिली. थोरांच्या हातांवर पाणी घालून आशीर्वाद घ्यायचा हा दिवस. शेवटचा माणूस होईपर्यंत थोरांनी उठायचं नसतं. भलीमोठी रांग लागली. ती संपत आली की ही बया पाणी घालून झालेल्यांना गुपचूप मागे नेऊन उभी करी. एका पठ्ठ्याने तर लग्नाचा आशीर्वाद चार वेळा पदरात पाडून घेतला. शेवटी चिंब भिजलेल्या कप्तानालाही कुणीतरी रांगेत ढकललं, आणि तोही खिदळत ओंजळभर पाणी घालून गेला.

होडी आली. नुआनने कागदावर ‘काम नाही’ असं लिहिलं आणि ओशाळून काकांना सगळं खरं सांगून टाकलं.

“आधी सांगायचंस ना, पोरी. आपणहून बसलो असतो,” काका म्हणाले. मग बोलले, “काकी गेली त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून सणाला मी कामच काढतो. घरी हातावर पाणी घालायला आहे कोण?”

खालून होडीवाला शंख करत होता. नुआन वाकून निरोप घेऊ लागली, तर काकांनी सुरकुतलेले, ओलेगच्च तळहात पुन्हा पुढे केले.

“चाळीस जणांना घालायला लावलंस. तू कुठं घातलंस?”

होडीवाल्याच्या शिव्या खात, अगदी सावकाश, तिने पाणी घातलं.