मशीनची शिवण

आमच्या ओहायो नदीकाठच्या जुन्या हत्यारांच्या मंडळात एक शिष्टाचार आहे. जी वस्तू हवी असेल, तिला नावं ठेवायची. प्रदर्शनात हार्लन टीग एखाद्या टेबलापाशी थांबून "काय भंगार मांडलंय" असं पुटपुटला, की टेबलवाल्यानं समजावं, स्थळ पसंत आहे. नको असलेल्या वस्तूचं मात्र आम्ही तोंड भरून कौतुक करतो. त्यात धोका नसतो. मी कॉलेजात इतिहास शिकवतो, म्हणून मंडळात मला 'प्रोफेसर' म्हणतात. हे कौतुक आहे की दुसरं काही, ते मी अजून विचारलेलं नाही.

हार्लनकडे यादवी युद्धातलं एक कोल्ट आहे. ठासणीचं रिव्हॉल्व्हर. चक्रीच्या प्रत्येक घरात दारू भरायची, वर शिशाची गोळी ठासायची, मागे तांब्याची टोपी बसवायची आणि देवाचं नाव घ्यायचं. घोडदळातल्या सार्जंट केटरिंगनं ते युद्धभर कमरेला वागवलं. पुढे त्याची पणती वारली आणि घराचा लिलाव निघाला, तेव्हा लिलाववाल्यानं रिव्हॉल्व्हर आणि त्याचं चामड्याचं म्यान वेगवेगळं काढलं. रिव्हॉल्व्हर मिळाल्याच्या आनंदात हार्लन चर्चच्या बायकांकडे हॅम सँडविच घ्यायला गेला. रांग मोठी होती. परत येईपर्यंत म्यान आमच्याच मंडळातल्या डॉर्सी व्हँडरमार्कनं उचललं होतं.

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. इथे एका म्यानापायी दोन म्हातारे होते, आणि ते दर रविवारी डॉर्सीच्या ओसरीवर एकत्र जेवायचे.

म्यान सार्जंटचंच आहे, हे हार्लनला पक्कं ठाऊक होतं. लिलावाच्या आदल्या दिवशी माल बघायला ठेवला होता, तेव्हा त्यानं रिव्हॉल्व्हर त्यात हळूच सरकवून पाहिलं होतं. नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी कधीतरी आपटून वाकलेली, आणि म्यानाच्या आत तिचा तसाच वाकडा चर पडलेला. मला हे त्यानं गाडीत सांगितलं आणि कुठे बोलणार नाही अशी शपथ घातली. डॉर्सीच्या घरी ते रिव्हॉल्व्हर त्यानं कधी नेलं नाही. तिथे तो एकच पाढा म्हणायचा, की शिवण मशीनची आहे, युद्धानंतर कुणीतरी बनवलेला माल आहे, पण माझं मन मोठं, मी घेतो. डॉर्सी म्हणायचा, तुझ्या कोल्टचा दस्ता तरी त्याचा स्वतःचा आहे का रे, चोरा? मग दोघं आणखी एकेकदा वाढून घ्यायचे. संसार असाच चालतो.

गेल्या वर्षी डॉर्सीच्या हृदयानं राजीनामा दिला. डोळे त्याआधीच गेले होते. डॉक्टरांनी घरी पाठवलं, मुलगी कोरिन येऊन राहिली. आम्ही भेटायला गेलो, तर म्यान मांडीवर घेऊन तो शिवणीवरून अंगठा फिरवत बसला होता.

"हार्लन, आता मस्करी सोड," तो म्हणाला. "मला टाके दिसत नाहीत. हे केटरिंगचं आहे की नाही?"

हार्लननं कॉफीचा घोट घेतला. मी टेबलाखाली त्याच्या बुटावर बूट दाबला.

"मशीनची शिवण आहे, डॉर्सी. किती वेळा सांगू?"

एरवी यावर डॉर्सीनं त्याच्या कोल्टची, खापरपणजोबांची आणि नजरेची हजेरी घेतली असती. या वेळी तो "बरं" म्हणाला आणि त्यानं म्यान खुर्चीखाली ठेवलं.

गाडीत मी काही विचारायच्या आत हार्लनच बोलला. "आपोआप गेलं रे तोंडातून. आणि खरं सांगितलं असतं, तर त्याला कळलं असतं की तो मरतोय." थोडं पुढे गेल्यावर म्हणाला, "रविवारी सांगतो."

डॉर्सी गुरुवारी गेला.

दफनानंतर कोरिननं हार्लनच्या हातात एक पुडकं दिलं. आत दारू ठेवायची पितळी कुपी होती, गरुडाचं नक्षीकाम असलेली. डॉर्सीच्या संग्रहातली सगळ्यांत देखणी वस्तू. हार्लननं तिला कधीही नावं ठेवली नव्हती.

"हार्लनकाका, बाबांना खरं तर ते म्यान तुम्हाला द्यायचं होतं," ती म्हणाली. "नेहमी म्हणायचे, तडफडू दे त्याला, मी गेल्यावर मिळणारच आहे. पण तुम्ही येऊन गेलात ना, त्या संध्याकाळी म्हणाले, भंगार ठेवून जाणं बरं दिसत नाही. मित्र आहे माझा."

म्यान कुठे आहे, ते मी विचारलं. हार्लनला विचारवलं नसतं. शेजारच्या लाइल बस्कर्कला डॉर्सीनं स्वतःच देऊन टाकलं होतं.

लाइल गुलाब छाटत होता. म्यान त्याच्या पट्ट्याला होतं आणि त्यात छाटणीची कात्री होती. झाकण मध्ये यायचं म्हणून त्यानं कापून टाकलं होतं. पाणी साचू नये म्हणून तळाशी भोक पाडलं होतं. चामडं टिकावं म्हणून तेलात बुडवून काढलं होतं. जुनं चामडं बाद करायला जे जे करता येतं, ते सगळं त्यानं काळजीपूर्वक केलं होतं. "भक्कम आहे हं," तो म्हणाला.

हार्लननं ते मागून घेतलं, दोन बोटं आत घातली आणि तो वाकडा चर चाचपला.

"अस्सल आहे हे," तो म्हणाला. "सार्जंट केटरिंगचं. सगळे टाके हातानं घातलेले आहेत."

"डॉर्सी तर म्हणाला, मशीनची शिवण आहे. तुम्हीच सांगितलंत म्हणे."

"हो."

"परत हवंय का?"

आमच्या मंडळात या प्रश्नाला कुणी सरळ उत्तर दिल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

"हवंय," हार्लन म्हणाला. "पहिल्या दिवसापासून हवं होतं."

लाइलनं कात्री मागच्या खिशात खोचली आणि म्यान हार्लनकडेच राहू दिलं. मग सहज विचारलं, "मग त्याला तसं का सांगितलंत?"

हार्लन माझ्याकडे बघायला लागला. प्रोफेसर तिथे होता, तेव्हा उत्तर त्यानंच द्यायला हवं होतं.

"आमच्यात तसंच बोलतात," मी म्हणालो.

लाइलनं आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि तो पुन्हा गुलाबांकडे वळला.