कमानीखालच्या पाचरी

जुन्या वाचनालयाच्या दारावरची कमान तडकली, तेव्हा ती पाडून काँक्रीटची तुळई टाकायचं इंजिनिअर साहेबांनी नक्की केलं होतं. पण जुन्या इमारती दुरुस्त करणारी एक आर्किटेक्ट त्यांच्यासमोर ठाण मांडून बसली. "त्याच विटा, चुन्याचा गारा आणि शिकाऊ माणसं. कमान तगली नाही, तर तुमची तुळई आहेच." साहेबांनी एक संधी दिली.

शिकाऊंमध्ये तिचे वडीलही होते. हयातभर बस चालवून निवृत्त झालेल्या माणसाला घरात बसवेना. शेवटी बायकोच म्हणाली, "माझ्या डोक्यावर मिरे वाटण्यापेक्षा लेकीच्या वर्गात जा."

चुन्याचे खडे पाण्यात पडले आणि पिंप खदखदायला लागलं, तसे ते मोठ्यानं म्हणाले, "आजवर लोकांनी मला चुना लावला, आता माझी पाळी!" सगळे हसले. लेकही हसली. "पण आधी मुरू द्यायचा हं. घाई चालणार नाही."

वेळापत्रकावर जगलेल्या माणसाला हे कुठलं पटायला? सरावाच्या भिंतीवर त्यांनी विटा न भिजवताच भराभर गिलावा चढवला. सकाळी बघतात तो सगळा भेगाळलेला.

"उतरवा," लेक म्हणाली.

"अगं, वरून सिमेंट फासू! कुणाला कळणार आहे?"

"भिंतीला कळतं, बाबा. सिमेंट ओल आत कोंडून ठेवतं, विटा भुसभुशीत होतात. मागे कुणीतरी सिमेंट फासलं, त्यानंच ही कमान गेली."

चारचौघांत बोलली, ते त्यांना झोंबलं. रात्री जेवताना त्यांनी बायकोकडे लेकीची तक्रार केली. बायकोनं वाढता वाढता विचारलं, "आणि नव्या ड्रायव्हरांना तुम्ही काय मांडीवर घेऊन शिकवत होतात?"

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन ते गिलावा खरवडत बसले होते.

मग मात्र हात बसला. कमानीची एकेक वीट सुटी करून घासली, भिजवली. लाकडी साच्यावर दोन्ही बाजूंनी विटा चढत गेल्या आणि मधली कळीची वीट बसली. चुना पुरता धरेपर्यंत सगळ्यांनी दम धरला, त्यांनीसुद्धा.

साचा काढायच्या दिवशी साहेब आले, वाचकांची गर्दी जमली. लेकीनं सगळ्यांना मागे सारलं आणि हातोडा वडिलांपुढे धरला. "हळू. एकदा इकडची, एकदा तिकडची."

बाजूला उभं राहून ते साच्याखालच्या पाचरी ठोकून सैल करत गेले. शेवटची पाचर निघाली, साचा बोटभर खाली बसला, वरून चिमूटभर भुकटी गळली.

कमान जागची हलली नाही.

साहेबांनी वर वाळूची पोती रचायला लावली, दोरी लावून मापं घेतली, पुन्हा घेतली. "तुळई रद्द," ते म्हणाले, आणि हसून पुढे म्हणाले, "मागच्या खिडक्यांच्या कमानी कधी घेताय?"

एकच जल्लोष झाला. चुन्यानं माखलेल्या हातांनी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. वडिलांच्या डोळ्यांना धार लागली होती आणि ती लपवायची त्यांना मुळीच गरज वाटत नव्हती. लेकीच्या खांद्यावर हात टाकून ते गर्दीला ओरडून सांगत होते, "हिनं शिकवलं! माझ्या लेकीनं!"

संध्याकाळी दार उघडलं. पहिली वाचक म्हणून त्यांची बायकोच कमानीखालून आत गेली, मान वर करून, अगदी सावकाश.