वटारच्या वळणावरचा हंडा

मित्रांनो, वटार गावात जितेशच्या घराच्या पडवीत एक तांब्याचा हंडा पालथा पडलेला दिसला, तर तो मीच. जुना आहे, पोटाला पोचे आहेत आणि स्वभावाने थोडा मानी आहे. भंगारवाल्याची हाक मला अजूनही सहन होत नाही.

मी काही पळणारा नाही. भरलेला असताना मला उचलायलाच दोन माणसं लागतात. तरी मी तुम्हाला मॅरेथॉनची गोष्ट सांगणार आहे, कारण आमच्या शहराच्या मॅरेथॉनमध्ये मला जेवढा मान मिळाला तेवढा लग्नाच्या मांडवातही मिळाला नव्हता. आणि मान खाली घालायची वेळही तिथेच आली.

एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. तेव्हा फार दुखलं, पण आकार आला. कृष्णाबाईच्या लग्नात तिच्या वडिलांनी मला तिच्यासोबत पाठवलं आणि आम्ही दोघं एकाच दिवशी या घरात आलो. तिचा नवरा बळीराम शेतकरी होता. केळी, वाल, थोडा मोगरा, अशी वाडी. घरामागे विहीर. आमच्याकडे विहिरीला बाव म्हणतात. ती बाव बळीरामने स्वतः आत उतरून खोल केली होती आणि तिच्या पाण्याचा त्याला भारी अभिमान. घरात त्याचा एकच कडक नियम होता. दारावरून जाणाऱ्याला पाणी विचारायचं, आणि कुणी पाणी मागितलं तर नाही म्हणायचं नाही. पोस्टमन असो, मासळीवाली असो नाहीतर वाट चुकलेला रिक्षावाला, तो पाणी प्यायल्याशिवाय पुढे जात नसे. ते पाणी माझ्यातलं असे.

पुढे नळ आला, स्टीलची पिंपं आली, फ्रिज आला. मला माळ्यावर टाकलं. माझ्या पोटात कुणीतरी जुन्या चपला आणि पतंगाची फिरकी कोंबली. तुम्हाला हसू येईल, पण गोड पाण्याची सवय असलेल्याला चपला पोटात घेऊन वर्षं काढावी लागतात, तेव्हा त्याला हसू येत नाही.

बळीराम गेल्याला वर्ष झालं होतं. एक दिवस रोशनीने, म्हणजे कृष्णाबाईचा मुलगा जितेश याच्या मुलीने, बातमी आणली की रविवारी मॅरेथॉन आपल्या दारावरून जाणार आहे, हजारो लोक धावणार आहेत. कृष्णाबाई कितीतरी महिन्यांनी ताठ बसली.

“एवढी मानसं दारावरना जानार, आनि तशीच जानार?” ती म्हणाली.

“आई, त्यांना जागोजागी पाण्याच्या बाटल्या देतात,” जितेशने समजावलं.

“देऊ दे त्यांना. आपन आपलं देऊ.”

मला माळ्यावरून उतरवलं. चिंचेने घासून घासून असं लखलखीत केलं की मलाच माझी ओळख पटेना. पहाटे बावीचं पाणी भरून मला वळणावरच्या आंब्याखाली स्टुलावर बसवलं. बाजूला पेले, आणि बाजूला नवं पातळ नेसलेली कृष्णाबाई.

पहिले आले ते वाऱ्यासारखे गेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, मला जरा राग आला. पण थोड्या वेळाने मला एक गोष्ट कळली. धावणारा जितका मागे, तितकी त्याची मतं जास्त. मागचे लोक थांबत, पाणी पीत आणि बोलत. कुणी म्हणे, थंडीचे दिवस असून इतका घाम, या समुद्राच्या हवेने जीव घेतला. कुणी म्हणे, शहरात नुसती सिमेंटची धग, इकडे वाड्यांची सावली लागली आणि पायात जीव आला. एकाला टी-शर्टचा रंग आवडला नव्हता. एक काका फक्त गतिरोधकांबद्दल बोलत होते. गावच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, चर्चच्या बँडने वाजवलं, हे मात्र सगळ्यांनाच आवडलं होतं. एकाच्या पोटरीत गोळा आला, त्याने आधाराला स्टूल धरलं आणि मी गडगडत रस्त्यावर गेलो. माझ्या पोटाला पोचा पडला. कृष्णाबाई धावली ती त्याच्याकडे. “हंडा जाऊ दे रे, तुला लागलं नाय ना?” माझ्याकडे तिने बघितलंही नाही, आणि तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की बळीराम असता तर तोही असाच धावला असता.

मला पुन्हा भरून बसवलं, आणि अगदी शेवटी विनया आली. नालासोपाऱ्याच्या एका इमारतीत राहणारी, रोज नोकरीसाठी मुंबई गाठणारी बाई. ती आमच्या ओट्यावर बसली आणि रडायला लागली. म्हणाली, “बस झालं. मागून दमलेल्यांना उचलणारी गाडी येतेय ना, तिच्यात बसते आणि जाते घरी. मला नाही जमणार.”

“आधी पानी पी,” कृष्णाबाई म्हणाली. “मंग रड.”

विनयाने एक पेला घेतला, मग दुसरा. मग पेल्यात वाकून पाहिलं. “आजी, यात साखर घातलीय?”

“नाय गो बाय. बावीचं हाय.”

“आमच्याकडे टँकर येतो. ते पाणी तोंडात धरवत नाही.” तिने तोंडावर दोन हबके मारले, डोळे पुसले आणि उठली. दुपारी ती रिक्षाने परत आली. गळ्यातलं मेडल काढलं आणि माझ्या गळ्यात घालून माझा फोटो काढला. कृष्णाबाईने तिला केळ्यांचा फणा दिला. त्या दिवशी मी किती फुगलो होतो म्हणून सांगू. पोचा जवळजवळ निघालाच.

मग दरवर्षी ती येऊ लागली आणि आपल्या ग्रुपमधल्या नव्या नव्या मंडळींना घेऊन येऊ लागली. शर्यतीनंतर ते लोक फोनवर आपापला अनुभव लिहीत आणि रोशनी तो मोठ्याने वाचून दाखवी. शेवटचा पूल जीव काढतो. केळी लवकर संपली. पण वटारच्या वळणावरच्या आजींचं पाणी चुकवू नका. हे शेवटचं वाक्य कृष्णाबाई पुन्हा वाचायला लावायची. नवऱ्याच्या बावीचं नाव गावोगाव झालं, याचं तिला फार कौतुक होतं. वर्षाचे बाकीचे दिवस ती त्या एका सकाळसाठी काढत होती म्हटलं तरी चालेल.

मित्रांनो, आता वाईट भाग सांगतो.

आजूबाजूच्या वाड्यांत टँकर येऊ लागले. शहरात इमारतींवर इमारती चढत होत्या आणि त्यांना पाणी पुरत नव्हतं. कुणी बोअर मारला, कुणी विहिरीला मोठा पंप लावला. वाडीतलं बावखल, म्हणजे पावसाचं पाणी मुरवणारं आमचं जुनं तळं, शेजाऱ्याने भराव टाकून बुजवलं. एक दिवस टँकरवाला आमच्याही दारात आला. म्हणाला, आजी, तिकडे बायामाणसं बादल्या घेऊन भांडतायत. जितेशने आईकडे पाहिलं. त्याच्या मनात पैशाचा विचार असेलही, पण परवानगी तिची हवी होती.

कृष्णाबाईने फार विचार केला नाही. तिच्या घरात पाण्याला नाही म्हणायची रीतच नव्हती. “लोकांना प्यायला पाहिजे ना. घेऊन जाऊ दे,” ती म्हणाली. पेला भरून देणं आणि टँकर भरून देणं, तिच्या मनात दोन्ही एकच होतं. तिथेच चुकलं. पण वाईट मनाने कुणीच काही केलं नाही, आणि मला सगळ्यात जास्त हेच सलतं.

जितेशने बावीला मोठा पंप लावला आणि बाव उपसली जाऊ लागली. समुद्र आमच्यापासून लांब नाही. गोडं पाणी जिथून हटतं तिथे तो जमिनीखालून हळूच पुढे येतो. मला आधी कळलं. माझ्या आतल्या बाजूला पांढरे थर धरू लागले, चिंचेने निघेनात. केळीच्या पानांच्या कडा करपल्या. घरात डाळ शिजेना, तर दुकानदाराला शिव्या बसल्या. मला तोंड एवढं मोठं दिलंय, पण त्यातून शब्द एक फुटत नाही. मी काय करणार?

जितेशने घरात विकतच्या पाण्याचा जार आणला. पोरांच्या पोटाला बरं म्हणून, असं सांगितलं. कृष्णाबाई मात्र बावीचंच प्यायची. रोज थोडी थोडी चव बदलत गेली, त्यामुळे तिच्या जिभेला ती कधी वेगळी लागलीच नाही. बाकीच्यांना माहीत होतं, पण तिला सांगायचं कुणी? बळीरामच्या बावीचं पाणी बिघडलंय, हे तिला सांगायला एकाचीही जीभ उचलेना.

त्या वर्षी मॅरेथॉनच्या आदल्या दिवशी जितेश म्हणाला, “आई, या वेळी आपण बाटल्याच आणू. हंडा कशाला उचलायचा?”

“विकतचं पानी दारात उभं राहून द्यायचं? तुझ्या बापाने काय म्हटलं असतं?”

जितेशने बाटल्यांचा विषय तिथेच सोडला. मी म्हणतो, त्याने तेव्हा बोलायला हवं होतं.

सकाळी मी नेहमीसारखा आंब्याखाली बसलो. पहिला थांबला तो एक तरुण मुलगा. प्यायला आणि खूश होऊन म्हणाला, “मीठ घातलंय ना आजी? भारी आयडिया. घामात मीठच जातं.”

“मीठ?” कृष्णाबाईला काही समजेना. “मी नाय घातलं.” पण तोवर तो निघून गेला होता.

दुसऱ्याने तोंडात घेतलं आणि कुंपणाशी जाऊन थुंकलं. तिसऱ्या बाईने पेला तसाच भरलेला खाली ठेवला, नमस्कार केला आणि गेली. कृष्णाबाई पेला उचलून वास घेऊ लागली. मला वाटलं, आत्ताच्या आत्ता माझं बूड गळून पडावं.

आणि तेवढ्यात विनया आली. सोबतच्या नवीन मंडळींना ती लांबूनच सांगत होती, “हेच ते पाणी. पिऊन तर बघा.” ते प्यायले. त्यांचे चेहरे बदलले. सगळे विनयाकडे बघू लागले. तिने पेला भरून घेतला, तोंडाला लावला आणि सगळं पिऊन टाकलं. डोळे मिटून.

“छान आहे आजी. नेहमीसारखंच.”

कृष्णाबाईने तिच्याकडे बघितलं. एवढी वर्षं लोकांना पाणी पाजणाऱ्या बाईला तहानेने प्यायलेलं आणि भिडेने प्यायलेलं यातला फरक कळत नसेल होय? तिने स्वतः माझ्यातून पेला भरला, घोट घेतला, तोंडात घोळवला.

“मला तं काय लागत नाय,” ती म्हणाली. “खरं सांग बाय. कसं लागतं?”

विनयाने रिकामा पेला स्टुलावर ठेवला. तिची वेळ निघून चालली होती, पण तिचे पाय हलत नव्हते.

“खारट, आजी.”

“आजच?”

“गेल्या वर्षीही होतं. थोडं. मला सांगवलं नाही.”

कृष्णाबाईने मान वळवून जितेशकडे बघितलं. तो खाली बघत होता. मग रोशनीकडे. तीही. तेव्हा तिला सगळं एकदमच कळलं. पाणी गेलं हे कळलं, आणि आपल्यालाच ते शेवटी कळलं हेही कळलं. शर्यतीसाठी रस्ता बंद होता म्हणून आमच्याच गल्लीत एक टँकर अडकून उभा होता. विनयाने तो पाहिला आणि ती हळूच म्हणाली, “हाच येतो आमच्या बिल्डिंगला.” तिला काय वाटलं असेल ते मी जाणतो. जे पाणी ती इथे गोड म्हणून प्यायली होती, तेच टँकरमधून तिच्या टाकीत जाऊन संपलं होतं.

“जा तू आता,” कृष्णाबाई तिला म्हणाली. “उशीर झाला तुला.” मग तिने मला दोन्ही हातांनी कलंडवलं. माझ्यातलं सगळं पाणी आंब्याच्या मुळाशी गेलं.

त्याच आठवड्यात जितेशने पंप काढला. पण शेजारचे पंप चालूच आहेत. इमारतींना तहान आहेच, त्यांनाही दोष कसा द्यायचा? पावसाळा येऊन गेला, बाव वरपर्यंत भरली आणि चव थोडी निवळलीही. पण दिवाळीनंतर ती पुन्हा खारी झाली.

मित्रांनो, माझं एवढंच सांगणं आहे. तुमच्या गावची विहीर, तळं, बावखल सांभाळा, त्यात भराव पडू देऊ नका. आणि पाण्याची चव बदलल्याचं तुमच्या जिभेला कळलं, तर त्याच दिवशी बोला. आपल्या माणसाला वाईट वाटेल म्हणून गप्प बसू नका. आमच्या घरात सगळे एकमेकांना जपत बसले आणि तेवढ्यात बाव गेली.

यंदा पुन्हा मॅरेथॉन झाली. कृष्णाबाई आंब्याखाली खुर्ची टाकून बसली होती, टाळ्या वाजवत. मला पडवीतून सगळं दिसत होतं. एक दमलेला माणूस सवयीने आमच्या फाटकाशी वळला आणि त्याने ओंजळ पुढे केली. त्याच्यामागे विनया होती, तिचाही वेग मंदावला.

कृष्णाबाईचे हात मांडीवर रिकामे पडले होते. ज्या दारावरून आयुष्यभर कुणी पाण्याशिवाय गेलं नाही, त्या दारात बसून ती त्या दोघांना म्हणाली, “हितं थांबू नका. पुढं जा, पुढं पानी मिळंल.”

विनया क्षणभर उभी राहिली. मग दोघंही पुढे निघून गेली.