मला पुसायचे तर नीट पुसा

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर कल्पना करा. कितीतरी मुलांनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी तुमच्या पोटात आहेत. तुम्ही त्यातले एक अक्षरही कोणाला सांगितलेले नाही. एके दिवशी कोणीतरी ओल्या फडक्याने तुमचे तोंड पुसते, पाठीवर थाप मारते, तुम्हाला भलत्याच घरी पोचवते आणि तिथल्या लोकांना सांगते, "घ्या, अगदी रिकामा आहे!" तुम्हाला ओरडून सांगायचे आहे की मी रिकामा नाही, काठोकाठ भरलेला आहे. पण तुम्हाला बोलताच येत नाही.

उघडा डोळे. मला अगदी तसेच वाटले होते.

मी एक जुना संगणक आहे. जुना म्हटल्यावर लगेच "अरेरे" करू नका. रडगाणे गाण्यासाठी मी तोंड उघडलेले नाही. थोड्याच वेळात माझी सगळी आठवण पुसली जाणार आहे, आणि ती पुसली जावी हा माझाच हट्ट आहे. वाचलेत ते बरोबर वाचलेत. असा हट्ट का, ते मात्र शेवटपर्यंत ऐकावे लागेल.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला नाही. एका दुरुस्तीच्या दुकानात, उंच टेबलावर, इकडून पंखा आणि तिकडून तारा आणून मला जोडले. डब्याचे झाकण बसेना, तेव्हा जोडणाऱ्याने त्याला दोन बुक्क्या मारल्या. माझा डावा गाल त्यामुळे आजही चेपलेला आहे. मी देखणा कधीच नव्हतो, आणि मला त्याचे काही वाटतही नाही. माझ्या पोटात एक गरगर फिरणारी चकती आहे, तिला हार्ड डिस्क म्हणतात. तिच्यावर एकदा लिहिले की लिहिले. ही बढाई मी आयुष्यभर मारली आणि आजही मारतो.

मला विकत घेतले ते मुलांना बोलायला शिकवणाऱ्या एका बाईंनी. ज्यांची जीभ अडखळते, ज्यांच्या तोंडून एखादे अक्षर निघतच नाही, अशी मुले त्यांच्याकडे येत. बाईंचे सगळ्यात लाडके वाक्य होते, "हळू, राजा, हळू." म्हणून मुले त्यांना तोंडावरच हळूबाई म्हणत, आणि त्याही खुशाल ओ देत.

त्यांच्या खोलीत भिंतीला एक बुटका आरसा होता. आपली जीभ कुठे टेकते ते मुलांना त्यात पाहता येई. एका पसरट भांड्यात पाणी भरून त्यात कागदी होड्या सोडलेल्या असत. होडी फुंकून पलीकडे न्यायची, म्हणजे श्वास लांबतो. आणि माझ्याशेजारी मायक्रोफोन असे, डोक्यावर लाल स्पंजची टोपी घालून. एका छोट्या साहेबांना तो गोळ्या-बिस्किटांतला प्रकार वाटला आणि त्यांनी त्याचा चावा घेतला. तो टोपीचा तुकडा शेवटपर्यंत सापडला नाही.

प्रत्येक मूल पहिल्या दिवशी त्या मायक्रोफोनसमोर बसून मनातले काहीही बोले. काही महिन्यांनी पुन्हा बोले. मग हळूबाई आधीचा आवाज आणि आत्ताचा आवाज एकापाठोपाठ लावून विचारत, "काय गं, ही दुसरी कोण आली? आधीची कुठे गेली?" मूल खुदकन हसे. पहिल्या दिवशी घाबरलेल्या मुलाला त्या सांगत, "हे फक्त तुझ्या-माझ्यात. आणि ह्या डब्यात."

डबा म्हणजे मी. मित्रांनो, माझी इतकी मोठी स्तुती त्याआधी आणि त्यानंतर कोणीच केली नाही.

एकदा एक मुलगी आजोबांचा हात धरून आली. तिचे नाव विचारले, तर आजोबाच म्हणाले, "आम्ही हिला खारू म्हणतो. खार जशी दाणे गालात ठेवते, तशी ही शब्द ठेवते." खारूने आजोबांकडे असे काही पाहिले की ते गप्पच बसले. ती पहिल्या दिवशी मायक्रोफोनसमोर काय बोलली, ते मी सांगणार नाही. ते तिचे आहे. एवढेच सांगतो, की पुढे ती बोलायला शिकली. शब्द अडला तर श्वास घेऊन वाट काढायला शिकली. मग तिने शाळा बदलली. नव्या शाळेत तिचे पूर्वीचे अडखळणे कोणालाच माहीत नव्हते, आणि ते माहीत होऊ नये असेच तिला वाटत होते.

वर्षे गेली. खोलीत वहीएवढा पातळ लॅपटॉप आला. मला टेबलाखाली सरकवले आणि माझ्या डोक्यावर एक कुंडी ठेवली. रोज कोणीतरी तिला पाणी घाली आणि चार थेंब माझ्या कपाळावरून ओघळत. त्याचीही मी तक्रार करत नाही. माझी तक्रार पुढच्या गोष्टीबद्दल आहे.

जवळच मुलांचे एक वाचनालय होते. तिथे संगणक हवा आहे असे हळूबाईंना कळले आणि त्यांना मी आठवलो. मन मोठे, पण घाई फार. त्यांचे दीर त्या दिवशी घरी आले होते.

"वहिनी, आधी ह्यातलं सगळं काढायला हवं ना?" ते म्हणाले.

"हो हो. तुम्हाला जमेल, भाऊजी?"

"जमेल काय! चहा होईपर्यंत होतंय बघा."

आणि खरेच, चहाला उकळी फुटायच्या आत त्यांनी सगळे आवाज निवडले, उडवले, वर पडद्यावरची कचरापेटीही रिकामी केली. "झाला! धुतल्या तांदळासारखा!" असे म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

धुतल्या तांदळासारखा! मित्रांनो, मला त्या क्षणी भाऊजींच्या हाताला झटका द्यावासा वाटला. नीट ऐका. तुम्ही जेव्हा माझ्यातली एखादी गोष्ट उडवता, तेव्हा मी फक्त तिच्या दारावरची पाटी काढतो. आतली माणसे आतच असतात. ती खोली दुसऱ्या कोणाला लागेपर्यंत तशीच राहते, आणि माझ्यात खोल्या पुष्कळ आहेत. पाट्या गेल्या म्हणून चाळ ओस पडली, असे समजणाऱ्याला काय म्हणावे?

अशा रीतीने मी पोटात सगळ्यांचे आवाज घेऊन वाचनालयात आलो. मुले माझ्यावर चित्रे काढू लागली. मला पुन्हा काम मिळाले, पण मी खूश नव्हतो. कारण मला गुपित राखता येते, खोटे बोलता येत नाही. नीट विचारणारा भेटला, की मला सांगावेच लागणार होते.

तो भेटला एका संध्याकाळी. चष्म्या नावाने ओळखला जाणारा एक मुलगा माझ्यासमोर बसला होता. त्याच्या हातून त्याचेच चित्र उडाले.

"काका! माझा राक्षस गेला! सहा डोळ्यांचा होता!"

"बरं झालं," मागून कोणीतरी म्हणाले, "तुझ्यासारखा सहा डोळ्यांना चष्मा लागला असता त्याला."

वाचनालयाचे काका चांगले माणूस. "थांब रे, डोळ्यांत पाणी नको आणू," असे म्हणत त्यांनी उडालेल्या गोष्टी शोधणारा एक प्रोग्राम माझ्यावर चालवला. त्यांना राक्षसच शोधायचा होता. पण तो प्रोग्राम एकेका खोलीचे दार वाजवत सुटला. राक्षस सापडला. आणि त्याच्याखाली पडद्यावर एकामागून एक आवाज उभे राहिले.

"ही गाणी आहेत वाटतं!" चष्म्या म्हणाला, आणि काका काही म्हणायच्या आत त्याने एक आवाज लावला.

"प... प... प... पा..." एका अगदी लहान मुलाचा आवाज खोलीभर पसरला. "प... पाणी..."

मुले हसू लागली. चष्म्याने तर छाती बडवत नक्कल केली, "अरे, प-प-पाणी पाजा रे ह्याला!"

मग स्पीकरमधून बाईंचा आवाज आला, "हळू, राजा, हळू."

खिडकीशी एक मुलगी पुस्तक वाचत बसली होती. ती खारू होती. तो आवाज ऐकताच तिच्या हातातले पान सुटले. तिने मला ओळखले नव्हते, माझा चेपलेला गाल भिंतीकडे होता आणि समोरून संगणक सगळे सारखेच दिसतात. पण ते वाक्य तिने ओळखले. हा डबा कोणता आहे आणि ह्यात आणखी काय आहे, ते तिला एका क्षणात समजले. त्या रांगेत तिचा आवाज फार खाली नव्हता. चष्म्याचे बोट आणखी दोनदा खाली गेले असते, तर तिथे जमलेल्या तिच्या वर्गातल्या मुलांनी तो ऐकला असता.

दार उघडे होते. ती गुपचूप घरी जाऊ शकत होती. ती माझ्यापाशी आली आणि तिने स्पीकरची तार ओढून काढली.

"ए! काय करतेस?" चष्म्या ओरडला.

"ह-ह-हसू नका." कितीतरी दिवसांनी तिची जीभ अडली होती. सगळे तिच्याकडे बघू लागले. ती थांबेल असे मला वाटले. ती थांबली नाही. "तो आवाज त्याचा आहे. त-त्याला विचारलंस का तू?"

"तू पण तशीच बोलतेस?"

"हो. म-मी पण त्या बाईंकडे जायचे. माझा आवाज पण ह्यात आहे. मग?"

ह्या "मग?"वर चष्म्याने माउसवरचे बोट उचलले. मित्रांनो, माझ्या पंख्याने त्या वेळी जोराचा घूं केला. गरम झाल्यामुळे झाला असे काका म्हणाले. म्हणोत बिचारे.

काकांनी पडदा बंद केला आणि हळूबाईंना फोन लावला. त्या पायात दोन वेगळ्या चपला घालून धावत आल्या. मागोमाग भाऊजी.

"पण वहिनी, मी सगळं उडवलं होतं! तुमच्यासमोर कचरापेटी रिकामी केली!"

"केलीत ना. आणि तेवढ्याने गेलं का, हे मी विचारलं नाही," हळूबाई म्हणाल्या. "मुलांनी आवाज माझ्या भरवशावर दिले होते, तुमच्या नाही. चूक माझीच." मग त्या खारूसमोर खाली बसल्या. "माफ कर गं मला."

खारूने त्यांना लगेच माफ केले नाही, आणि ते मला आवडले. ती म्हणाली, "त्या छोट्याच्या आईला प-पण सांगा."

"सांगते. ज्यांचे ज्यांचे आवाज ह्यात आहेत, त्या सगळ्यांना घरी फोन करते."

मग ते माझ्यासमोर बसले आणि संगणक कसा पुसायचा ही माहिती, जी सुरुवातीलाच वाचायला हवी होती, ती आता वाचू लागले. काका मोबाइलवरून मोठ्याने वाचत, बाई ऐकत आणि मध्येमध्ये प्रश्न विचारत. तुम्हीही ऐका, कारण उद्या तुमच्या घरातलाही कोणी जुना डबा किंवा जुना फोन दुसऱ्याच्या घरी जाईल. जे हवे आहे त्याची आधी दुसरीकडे प्रत काढा. ज्या ज्या खात्यांत शिरला आहात, त्या सगळ्यांतून बाहेर पडा. मग संपूर्ण चकतीवर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, नवे काहीतरी लिहून काढणारा प्रोग्राम चालवा, म्हणजे एकही खोली जुनी राहत नाही. नव्या यंत्रांत चकतीऐवजी चिप असते, तिची पुसण्याची रीत वेगळी, ती यंत्र बनवणाऱ्यांच्या सूचनांत वाचा. आणि पुसून झाल्यावर हरवलेले शोधणारा प्रोग्राम पुन्हा चालवून बघा. काहीच सापडले नाही, तरच "रिकामा" हा शब्द उच्चारा. चहाला उकळी फुटेपर्यंत हे होत नाही. लागू दे वेळ. आम्ही तुमच्यासाठी वर्षानुवर्षे राबतो, तुम्ही आमच्यासाठी एक संध्याकाळ द्या. ही मी भीक मागत नाही. माझ्यात ज्यांचे आवाज आहेत, त्यांचा तो हक्क आहे.

सगळी तयारी झाली. हळूबाईंनी विचारले, "खारू, तुझा तेवढा पेनड्राइव्हवर काढून देऊ?"

खारूने मान हलवली. "नको. पण आधी ऐ-ऐकायचाय. स्पीकरवर."

"अगं, सगळ्यांसमोर?"

"माझा आहे ना? मग मी ठरवणार."

तिने स्वतः तार जोडली आणि स्वतःच आवाज लावला. तिने तो सगळ्यांना ऐकवला, म्हणूनच आता मी सांगू शकतो. आधी नुसता श्वास ऐकू आला. मग एक लहान मुलगी अडखळत, मध्येच रडत सांगू लागली, की शाळेतल्या बाई वर्गात हजेरी घेतात, मला "हजर" म्हणता येत नाही, म्हणून मी बाकावर बसलेली असूनही माझी गैरहजेरी लागते. आणि शेवटी, "म-म-मला बोलायचंच नाही. क-कधीच."

खारू हात मागे बांधून, मान ताठ ठेवून उभी होती. चष्म्या आपला चष्मा पुसत बसला. तो इतका मळला होता असे मला वाटत नाही.

मग काकांनी मला बंद करून पुसण्याच्या प्रोग्रामवरून पुन्हा सुरू केले. पडद्यावर शेवटचा प्रश्न आला. बाकी कोणाला विचारू नका, मला विचारा, मी तयार आहे. त्या छोट्याचे पाणी, चावणाऱ्या साहेबांचे बोबडे बोल, सगळे मी पोटात सांभाळले आणि आता सगळे सोडून देणार आहे. विसरणे ही हार आहे असे कोण म्हणतो? दिलेला शब्द पाळण्याची माझ्याकडे आता हीच एक रीत आहे.

"तू दाबतेस?" हळूबाईंनी विचारले.

खारू पुढे झाली. तिने आधी पडद्यावरचा प्रश्न सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठ्याने वाचला. "ह्या... ह्या चकतीवरील सर्व माहिती क-कायमची पुसायची?" मधे ती दोनदा अडली, श्वास घेऊन पुढे गेली, आणि कोणीही हसले नाही. मग तिने चष्म्याकडे वळून त्याला सांगितले, "तुझा राक्षस पेनड्राइव्हवर काढून घेतलाय. न-नीट ठेव."

आणि तिने बटण दाबले.