माझ्या खाचा बुजवायच्या नाहीत

मी ठ बोलतोय. हो, तोच. वर आडवी रेघ, तिला लटकलेली आखूड मान आणि खाली गरगरीत पोट. त्या पोटाला दोन खाचा आहेत, एक वर उजवीकडे, एक खाली डावीकडे. खाचा बघून नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या. नंतर मी ऐकून घेणार नाही.

माझा जन्म चंद्रपूरच्या बाजारात, तेलाच्या डब्याच्या पत्र्यात झाला. इनायतभाऊ पोत्यांवर नावं उमटवायचे छापे कापतात. पत्र्यात अक्षराच्या आकाराचं भोक पाडायचं, पत्रा पोत्यावर ठेवायचा, वरून काळ्या रंगाचा बोळा फिरवायचा, की नाव तयार. सोपं वाटलं ना? मग माझं पोट कापून दाखवा! पूर्ण गोल कापला की मधली टिकली सुटते. म्हणून इनायतभाऊ दोन जागी पत्र्याची बारीक पट्टी सोडतात. पट्टीनं टिकली धरून ठेवली, की पट्टीखाली रंग लागत नाही आणि तिथे खाच राहते. आता सांगा, यात माझं काय चुकलं?

पण कापणाऱ्यालाच त्याची लाज. गिऱ्हाईक बडं असलं की इनायतभाऊ ब्रश घेऊन माझ्या खाचा हातानं भरून द्यायचे. "अक्षर पक्कं दिसलं पायजे," म्हणायचे. माझा असा जळफळाट व्हायचा!

त्यांची मुलगी जोया कॉम्प्युटरवर फॉन्ट बनवायला शिकली. पहिलाच फॉन्ट तिनं अब्बांच्या छाप्यांवरून करायला घेतला. मला पत्र्यातून उचलून पडद्यावर नेलं, आणि मग सुरू झाली माझी हजामत. खाच रुंद केली, तर मी समोरासमोर ठेवलेल्या दोन कंसांसारखा दिसू लागलो. अरुंद केली, तर कागदावर शाई पसरून खाच गायब. उभी कापली, तर पोट एका बाजूला कलंडल्यासारखं वाटे. शेवटी तिनं खाच जराशी तिरकी केली, तिच्या काठाशी माझी जाडी केसभर वाढवली, आणि मी ताठ उभा राहिलो. पोरीला नजर आहे. मी सहसा कुणाचं कौतुक करत नाही, पण हे कबूल.

त्याच सुमारास धानोऱ्याकडच्या ठेमाटोल्याचे सुकलूभाऊ दुकानात आले. त्यांचं गाव आपली मोहफुलं आणि हिरडा स्वतःच विकतं. मागच्या खेपेला गोदामात गावाची पोती एका व्यापाऱ्याच्या मालात मिसळली. आपली कुठली, हे कुणालाच सांगता आलं नाही. माल गेला तो गेलाच.

"बाई, आमच्या बोऱ्यावर गावाचं नाव पायजे," ते जोयाला म्हणाले. "पन दरखेपी चंद्रपूरले येनं जमत नाई. तुमी अक्षरं कागदावर द्या, आमी गावातच पत्रा कापतो."

जोयानं हो म्हटलं. ठेमाटोला! पहिलं अक्षर मी. अशी छाती फुगली म्हणून सांगू!

तेवढ्यात, जोयानं पुण्याच्या ज्या कंपनीला फॉन्ट पाठवला होता, तिचं उत्तर आलं. फॉन्ट आवडला, विकायला घेऊ, तुमचं नावही देऊ. फक्त त्या खाचा बुजवा, अक्षर फुटकं वाटतं. फुटका तुमचा चष्मा! पण जोया ते उत्तर पुन्हा पुन्हा वाचत बसली. जगात पहिल्यांदा तिचं नाव लागणार होतं. वर इनायतभाऊंनी तेल ओतलं.

"भर ना बेटा. मी बी भरतच होतो. काऊन उगाच जिद्द करून राह्यली?"

तिनं भरल्या. मी बोंबललो, पण अक्षराची बोंब कोण ऐकतो? झालो गुळगुळीत. सुकलूभाऊंना कागद पाठवायची घाई होती. फाइलमध्ये मी जसा होतो तसाच छापून गेलो. खाचा नाहीत, हे तिच्या लक्षातही आलं नाही.

मग एका दुपारी सुकलूभाऊंचा फोन.

"बाई, तुमचा ठ कापला. मंधातली टिकली खनकन खाली पडली! आता बोऱ्यावर ठ नाई, काळा गोटा उमटून राह्यला. पोट्टे हासून राह्यले. उद्या गाडी येते माल न्यायले. का करू सांगा?"

जोयाचा चेहरा खर्रकन उतरला. इनायतभाऊ छिन्नी हातात धरून तसेच उभे राहिले.

"पट्टीच नाई तं टिकली राहीन कशी?" ते हळूच म्हणाले. "जन्मभर मीच त्या खाचा लपवत होतो, जोया. तुले बी तेच शिकवलं. काढ तो पयलेचा ठ."

तिनं तिरक्या खाचांचा मी शोधून काढला. इनायतभाऊंनी त्याच मापानं छापा कापला आणि संध्याकाळच्या धानोऱ्याच्या एसटीत वाहकाच्या हाती दिला. मग जोयानं कंपनीला कळवलं, खाचा राहतील. कंपनीनं कळवलं, मग नको. पोर त्या दिवशी जेवली नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण खाचा बुजवून घ्यायला मी तेव्हाही तयार झालो नसतो.

आज मी कुठल्या पुस्तकात नाही, कुणाच्या मोबाइलमध्ये नाही. तागाच्या पोत्यावर आहे, आणि मजेत आहे. आत्मवृत्त सांगणारे शेवटी हात जोडून काहीबाही मागतात. मला काही नको.

परवाच गोदामात व्यापाऱ्याच्या माणसानं आमच्या थप्पीतलं एक पोतं ओढून आपल्या मालात टाकलं. ठेमाटोल्याच्या गुणाबाई मालासोबत आल्या होत्या. त्यांना वाचता येत नाही. त्या तरातरा गेल्या आणि माझ्या पोटावर बोट ठेवलं.

"ह्या दोन खाचा पाह्य. हा बोरा आमचा हाय. आन वापस."

त्यानं पोतं परत आणून आमच्या थप्पीवर ठेवलं.