न वाचता लिहिलेलं एक वाक्य

रविवारी सकाळी दहाला बेल वाजली. वोल्फ्सबुर्गमध्ये न कळवता कुणी कुणाच्या दारात येत नाही, त्यामुळे अपेक्षाला वाटलं, खालच्या मजल्यावरच्या जर्मन आजींना काहीतरी हवं असेल. दार उघडलं तर समोर तिशीतला एक मराठी तरुण उभा होता. त्याच्या मागे, जिन्याचा कठडा धरून, स्वेटरवर शाल गुंडाळलेली एक बाई.

"अपेक्षा वानखेडे तुम्हीच ना?"

"हो. आपण?"

"संघर्ष. हॅनोव्हरला युनिव्हर्सिटीत असतो. ही माझी आई, कमलाबाई. तुमचा पत्ता तुमच्याच ब्लॉगवर मिळाला, इम्प्रेसुममध्ये."

जर्मनीत ब्लॉगवरून पैसे कमवायचे तर इम्प्रेसुमच्या पानावर आपलं नाव आणि घरचा पत्ता टाकावाच लागतो. अपेक्षानेही टाकला होता. त्या पत्त्यावर कधी कुणी येऊन उभं राहील, असं मात्र तिच्या मनातही आलं नव्हतं.

तिने त्यांना आत घेतलं. संघर्ष बसला नाही. त्याने खिशातून एक घडी केलेला कागद काढला आणि टेबलावर आपटला. हॉस्पिटलचं बिल होतं, तीन हजार आठशे युरोचं.

"तुम्ही सांगितलेला विमा काढला होता आईसाठी. साखर एकदम खाली गेली, बसस्टॉपवर पडली, दोन रात्री ॲडमिट होती. विमावाले म्हणतात, डायबेटिस जुना आहे, पैसे मिळणार नाहीत. आणि तुम्ही काय लिहिलंय?" त्याने मोबाइल तिच्या तोंडासमोर धरला. "वाचा. मोठ्याने वाचा."

अपेक्षाने वाचलं. "आईबाबांना जर्मनीला बोलावताय? हा विमा काढा आणि निर्धास्त राहा. जुन्या आजारांचीही काळजी नको."

"पोरी," कमलाबाई पहिल्यांदाच बोलल्या, "त्या विम्याचे कागद तू वाचले होते का?"

"नाही, मावशी."

"मग लिहिलं कशाला?"

यशपाल, तिचा नवरा, आतून येऊन पाणी ठेवून गेला. कुणी ग्लासला हात लावला नाही.

ते वाक्य मुळात अपेक्षाचं नव्हतंच. यशपालला इथल्या मोटारींच्या कारखान्यात नोकरी लागली आणि ती संभाजीनगरच्या कॉलेजमधली ग्रंथपालाची नोकरी सोडून त्याच्याबरोबर आली. इथे तिच्या पदवीला कुणी विचारेना. जर्मन शिकता शिकता ती मराठीत ब्लॉग लिहू लागली. घर भाड्याने घेताना कुठले कागद लागतात, कचरा कुठल्या डब्यात टाकायचा, डॉक्टरांची वेळ कशी मिळवायची. लोक वाचायचे, पत्रं पाठवायचे. दोन वर्षं तिने त्यातून एक पैसाही मिळवला नव्हता.

मग शिवांगीच्या वर्गाची जाहिरात दिसली. "ब्लॉगमधून पहिली कमाई: नवशिक्यांसाठी." शिवांगी हॅनोव्हरची, बोलायला गोड. अपेक्षाला स्वतःची अशी थोडी तरी कमाई हवी होती, म्हणून तिने फी भरली. जाहिराती कशा लावायच्या, आपलं ई-पुस्तक कसं विकायचं, असं बरंच काही शिवांगीने शिकवलं; पण भर सगळा ॲफिलिएट लिंकवर. आपल्या ब्लॉगवरच्या लिंकवरून वाचकाने काही विकत घेतलं की आपल्याला कमिशन. या विम्याची लिंक शिवांगीनेच दिली, आणि सोबत तयार मजकूरही. "जसाच्या तसा टाक," ती म्हणाली होती. "नवशिक्यांनी डोकं चालवायचं नाही, आधी कॉपी करायचं."

आणि अपेक्षाने कॉपी केलं. सात जणांनी तो विमा घेतला. तिला दोनशे दहा युरो मिळाले. ते खात्यात आले त्या दिवशी तिने आईला फोन करून सांगितलं होतं.

संघर्ष आणि कमलाबाई गेल्यावर अपेक्षा कॉम्प्युटरसमोर बसली. ते वाक्य तिने अवतरणचिन्हांत टाकून शोधलं. तिचा सोडून अकरा ब्लॉग निघाले. अकराही मराठी, अकरा वेगवेगळ्या बायका-पुरुषांचे हसरे फोटो, आणि प्रत्येकात तेच वाक्य, शब्द न् शब्द. मग तिने विम्याच्या अटींची बत्तीस पानी जर्मन फाइल उघडली आणि डिक्शनरी घेऊन वाचत बसली. चौदाव्या पानावर होतं: प्रवासाआधीपासून असलेले आजार वगळले आहेत. साधं, सरळ वाक्य. तिच्या तोडक्यामोडक्या जर्मनलाही कळण्यासारखं.

तिने शिवांगीला फोन लावला.

"अगं, विमा कंपनीचा आणि त्यांचा प्रश्न आहे तो," शिवांगी म्हणाली. "तू कशाला मनाला लावून घेतेस? खाली 'आम्ही जबाबदार नाही' असा डिस्क्लेमर टाकलायस ना?"

"तो मजकूर तू दिलास. तू अटी वाचल्या होत्यास?"

"अपेक्षा, माझे साठ विद्यार्थी आहेत. मी एकेक कागद वाचत बसू?"

"आमच्या प्रत्येक विक्रीमागे तुला किती मिळतात?"

"ते बिझनेस मॉडेल आहे," असं म्हणून शिवांगीने फोन ठेवला.

राग शिवांगीचा होताच. पण त्याहून जास्त राग स्वतःचा. आठ वर्षं ग्रंथालयात बसून मुलांना काय सांगत होतीस? मूळ कागद बघा, कुणी सांगितलं म्हणून लिहू नका. आणि एका विम्यामागच्या तीस युरोसाठी तू काय केलंस?

पुढच्या शनिवारी हॅनोव्हरच्या एका सभागृहात शिवांगीची कार्यशाळा होती. अपेक्षाने संघर्षला फक्त इतकंच कळवलं, की मी तिथे जाणार आहे. ती पोचली तेव्हा दारात कमलाबाई उभ्या होत्या. मुलगा नको म्हणत असताना आल्या होत्या.

आत पंचवीसेक माणसं वह्या उघडून बसली होती. शिवांगी पडद्यावर आकडे दाखवत होती. तोच विमा. तेच वाक्य. अपेक्षा मधल्या रांगेतून उठून उभी राहिली.

"हे वाक्य खोटं आहे."

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"प्रश्न शेवटी घेऊया हं," शिवांगी हसून म्हणाली.

"प्रश्न नाही विचारत. सांगतेय. चौदाव्या पानावर लिहिलंय की जुने आजार चालत नाहीत. मी न वाचता हे माझ्या ब्लॉगवर टाकलं. या मावशींच्या मुलाला तीन हजार आठशेचं बिल आलं. शिवांगीला हे गेल्या रविवारपासून माहीत आहे. आणि आज ती तेच तुम्हाला शिकवतेय!"

शिवांगीचं हसू गेलं. "तू माझी बदनामी करतेयस. माझा वकील तुला नोटीस पाठवेल."

"पाठव. पत्ता माझ्या इम्प्रेसुममध्ये आहे."

कमलाबाई पुढे गेल्या आणि पडद्याकडे हात करून म्हणाल्या, "बाई, मला दिसतं कमी. पण विम्याच्या कागदात काय लिहिलंय ते या लोकांना वाचून दाखव. चौदावं पान."

शिवांगीने लॅपटॉप मिटला. चार माणसं वह्या उचलून बाहेर पडली. बाकीची बसून राहिली. एक गृहस्थ तर अपेक्षाला म्हणाले, "मॅडम, आम्ही फी भरलीये, आता शिकू द्या ना." त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटलं तिला. ती बाहेर आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. कमलाबाई तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

त्या आठवड्यात अपेक्षाने ब्लॉगवरून लिंक काढली आणि सगळ्यात वर, स्वतःच्या नावाने, काय झालं ते लिहिलं. कुठे चुकले, किती पैसे मिळाले, सगळं. ज्यांनी विमा घेतलाय त्यांनी चौदावं पान वाचा, असंही लिहिलं. उरलेल्या सहा जणांपैकी तिघांची पत्रं आली. एकाने शिव्या दिल्या होत्या. अकरा ब्लॉगवाल्यांना तिने एकेकाला लिहिलं. पाच जणांनी वाक्य काढलं, दोघांनी तिलाच ब्लॉक केलं.

संघर्षबरोबर ती ग्राहक सल्ला केंद्रात गेली. तिथल्या बाईंनी विमा कंपनीला विडरश्प्रुख, म्हणजे निर्णयावरचं हरकतीचं पत्र, लिहून दिलं. दोन महिन्यांनी कंपनीने तातडीच्या उपचारांचा भाग मान्य केला. उरलेले एकोणीसशे संघर्ष हप्त्याने भरतोय. अपेक्षाने दोनशे दहा युरोचं पाकीट त्याच्यापुढे ठेवलं. राहू द्या, असं तो म्हणाला नाही. मोजले आणि खिशात घातले. तिला ते योग्यच वाटलं.

वकिलाची नोटीस आली नाही. शिवांगीची नवी जाहिरात मात्र आली: पुढची कार्यशाळा नेकारसुल्मला, शेवटच्या चारच जागा शिल्लक.

अपेक्षाने ती यशपालला दाखवली. "शनिवारी मला गाडी लागेल."

"साडेचारशे किलोमीटर आहे ते."

"माहितीये."

यशपालने तिच्याकडे पाहिलं, मग पुन्हा जाहिरातीकडे. "ती तुला आत घेणार नाही."

"दारात उभी राहीन. येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात चौदावं पान देईन, मराठीत." तिने प्रिंटर सुरू केला. "किती प्रती काढू? पन्नास पुरतील?"

"शंभर काढ," यशपाल म्हणाला.